हंगामी नाटकमंडळी

हंगाम म्हटलं की आपल्या मराठवाड्यात खरीप आणि रब्बी एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण नांदेड-लातूरच्या कॉलेजांत आणखी एक हंगाम असतो. जूनमध्ये प्रवेश होतात. जुलैत सूचनाफलकावर कागद लागतो की, नाटकात काम करू इच्छिणाऱ्यांनी अमुक सरांना भेटावं. ऑगस्टमध्ये वाचन, गणपतीच्या दिवसांत तालमी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास विद्यापीठाचा युवक महोत्सव. ज्यांच्यात दम उरतो ते दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर उतरतात. जानेवारीत स्नेहसंमेलन, आणि फेब्रुवारीत परीक्षेचा अर्ज. तिथं हंगाम संपतो. जी मंडळी सहा महिने एका ताटात जेवली ती पांगतात. पुढच्या जूनला नवी तोंडं येतात आणि पाटी पुन्हा कोरी असते.

व्यावसायिक नाटकाचा इतिहास लिहिला जातो, कारण त्याच्यामागं कंपनी असते, जाहिरात असते, तिकिटाचा हिशेब असतो. या हंगामी मंडळींचा इतिहास कोण लिहिणार? आज थोडा तोच सांगायचा प्रयत्न करतो.

विद्यार्थ्यांचं नाटक म्हणजे आधी कॉलेज पाहिजे, आणि आपल्याकडं कॉलेजच उशिरा आलं. पुण्या-मुंबईत एकोणिसाव्या शतकात विद्यार्थी शेक्सपिअर आणि कालिदास करत होते. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि त्यानं उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू ठेवलं. एका देशी भाषेतून विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं शिकवायचं, हे त्या काळात मोठं धाडस होतं. माझ्या घरात ती भाषा बोलली जायची, म्हणून तिच्याबद्दल मला परकेपणा नाही. पण नांदेडच्या किंवा उदगीरच्या मराठी पोरासाठी तिचा अर्थ वेगळा होता. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि जाहीर सभा भरवायची तर सरकारची परवानगी. अशा हवेत कॉलेजचं मराठी नाटक कुठून उगवणार?

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, मराठवाड्यात दोन कॉलेजं उभी राहिली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, जे पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं पीपल्स कॉलेज. मराठवाडा विद्यापीठ तर १९५८चं. म्हणजे आपल्या विद्यार्थी-रंगभूमीचं वय मोजायचं तर १९५०पासून मोजावं लागतं.

आणि सुरुवात कशी झाली पाहा. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नावाचं नाटक लिहिलं. ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९५५ साली बाबासाहेबांसमोर केलं. पुढच्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी, अफाट जनसमुदायापुढं, त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचं पहिलं नाटक म्हणून अभ्यासक त्याचं नाव घेतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते नाटक कुठल्या नाटक कंपनीनं उभं केलेलं नव्हतं. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, ती पोरं कॉलेजात आली आणि पाच-सहा वर्षांत त्यांनी युगानुयुगांचा जाब रंगमंचावर मागितला. मराठवाड्यात विद्यार्थ्यांचं नाटक करमणूक म्हणून सुरू झालंच नाही. गावात जे बोलता येत नाही ते बोलण्याची जागा म्हणून ते सुरू झालं, आणि आजही त्यातलं चांगलं नाटक तिथूनच येतं.

आता गाण्याकडं येऊ. आमच्याकडच्या एकांकिकेत गाणी का असतात, हलगी का वाजते, असं पुण्याचे परीक्षक पूर्वी विचारत. उत्तर सोपं आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षातल्या थंडीत तिथं घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, आणि त्यांच्याबरोबर तमाशाचे फड येतात. आमच्या भागातल्या पोरानं आयुष्यातलं पहिलं नाटक पाहिलं ते बहुतेक तिथं, कनातीच्या फटीतून. लातूरच्या पोरानं सिद्धेश्वराच्या यात्रेत काहीतरी पाहिलेलं असतं. माझ्यासारख्यानं त्याबरोबर कंधारच्या दर्ग्याच्या उरुसातली कव्वालीही ऐकलेली असते. गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम आम्हाला कुणी शिकवला नाही. कव्वालीत एक ओळ पुन्हा पुन्हा घोळवून बैठक कशी तापवायची हेही कुणी शिकवलं नाही. ते कानात होतंच.

त्यावर दुसरा थर चढला जलशांचा. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. त्यांनी तमाशातल्या गण-गवळणीला फाटा दिला आणि वगात गिरणी कामगार, सावकार, पुढारी आणून बसवले. अमर शेख शेजारच्या बार्शीचे. मी शाळेत मराठीतून कविता लिहायला लागलो तेव्हा लोक कौतुकानं म्हणायचे, “तुमचं मराठी बरंय की हो!” त्या कौतुकात एक खडा असायचा. मी मनात म्हणायचो, बाबांनो, पेशवाईतले सगनभाऊ कोण होते? अमर शेख कोण होते? बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्याची साथ करणारे अहमदजान थिरकवा खाँसाहेब कोण होते? मराठी रंगभूमीच्या घरात आम्ही पाहुणे म्हणून कधी आलोच नाही.

तिसरा थर पुण्याहून आला. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. करणारी मंडळी हौशी आणि तरुण. जब्बार पटेल स्वतः बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थी-नाटकांतून वर आलेले. पुढं वाद झाला, संस्थेनं १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, आणि याच पोरांनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी काढली. त्याच मंडळींनी १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. त्याचं मूळ जर्मन नाटककार ब्रेख्टचं, आणि ब्रेख्टनं ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी संगीतिकेवरून घेतलेलं. लंडनच्या चोरांची गोष्ट बर्लिनमार्गे पुण्यात येऊन तमाशा झाली. आमच्या कानांना त्यात नवं काही वाटलं नाही. उलट धीर आला की, आमच्याकडचा माल बाहेर चालतो.

‘घाशीराम’नं आमच्यासारख्या गरीब कॉलेजांवर आणखी एक उपकार केला. त्यातली माणसांची भिंत. ओळीनं उभी राहिलेली माणसंच पडदा होतात, वाडा होतात, गर्दी होतात. नेपथ्याला पैसे नसलेल्या कॉलेजांना ही युक्ती म्हणजे वरदान ठरली. आमच्या भागात पुढची तीस-चाळीस वर्षं माणसंच विहीर झाली, माणसंच एसटी झाली, माणसंच बैलं झाली. दोन घोंगड्या, एक हलगी, एक ढोलकी आणि सुताराकडून मागून आणलेली फळी, एवढ्यात नाटक उभं राहायचं.

मी १९८८ ते १९९१ या काळात नांदेडला बी. ए. केलं. नरहर कुरुंदकर गुरुजी १९८२ सालीच गेले होते, पण त्यांची वाक्यं चहाच्या टपऱ्यांवर अजून जिवंत होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर अधिकारानं बोलणारा माणूस या गावात होऊन गेला, याचा आम्हा पोरांना उगीचच अभिमान होता. नाट्यशास्त्र आम्ही वाचलं नव्हतं तो भाग वेगळा.

त्या दिवसांत नामांतराचा प्रश्न धगधगत होता. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. तेव्हा मी शाळकरी होतो. कॉलेजात आलो तोवर दहा वर्षं झाली होती, पण वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतो यावरून अजून सगळं कळायचं. अशा काळात प्रा. दत्ता भगत यांचं ‘वाटा पळवाटा’ आमच्या हाती आलं. भगत सर नांदेड जिल्ह्यातल्या वाघीचे. त्यांच्या नाटकात आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या एका प्राध्यापकाच्या घरात एकमेकांसमोर उभ्या राहतात. बाबासाहेबांना पाहिलेले काका, शिकून प्राध्यापक झालेला सतीश, आणि संतापलेला तरुण अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण. प्रत्येकाचं थोडं बरोबर आणि प्रत्येकाला एक पळवाट. हे नाटक पुढं माया पंडित यांनी इंग्रजीत नेलं आणि २००१ साली अमेरिकेत निघालेल्या भारतीय नाटकांच्या संग्रहात ते छापलं गेलं. आम्हाला मात्र तेव्हा एवढंच कळत होतं की, ज्यावर गावात दगड उठतो त्यावर दोन माणसं खुर्चीत बसून वाद घालू शकतात.

आम्ही पोरांनी त्यातले काही प्रवेश वर्गात बसून वाचले. अर्जुन वाचणारा मराठा पाटलाचा मुलगा होता, काका वाचणारा मातंग समाजातला, आणि मी सतीश. पाटलाच्या मुलाला अर्जुनाचा राग आधी जमेना. मग एका संध्याकाळी जमला, आणि वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. तालमीनंतर आम्ही स्टेशनजवळ एका हॉटेलात एका बशीत दोघं-दोघं चहा प्यायचो. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल. ज्यांना त्या काळचा मराठवाडा माहीत आहे त्यांना वाटणार नाही.

मुलींचा प्रश्न निराळा. तालीम संध्याकाळची, शेवटची एसटी आठची. खेड्यातून येणाऱ्या मुलीला नाटकात घ्यायचं म्हणजे तिच्या वडिलांना, चुलत्यांना आणि गावालाही राजी करावं लागायचं. म्हणून बाईची भूमिका एकतर कापली जायची किंवा मिसरूड काढलेला कुणीतरी लुगडं नेसायचा. आमच्या एका नाटकात आईचं काम करायला शेवटी एक मुलगी मिळाली, ती तिची आजी रोज तालमीला येऊन बसायला तयार झाली म्हणून. आजी जपमाळ घेऊन यायची. पंधरा दिवसांनी ती माळ बाजूला ठेवून कुणाचा शब्द चुकला ते सांगायला लागली. आज मुली नुसतं काम करत नाहीत, दिग्दर्शन करतात. हा बदल मोठा आहे आणि तो कुठल्याही बक्षिसाच्या यादीत दिसत नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. त्यानंतरची काही वर्षं आमच्या भागातल्या नाटकांत आणि कवितांत पडझडीचा आवाज येत राहिला. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १९९४ला, औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, आणि १७ सप्टेंबर १९९४ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढं झालेला हिंगोली जिल्हा, यांना स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याबरोबर स्वतःचा युवक महोत्सवही मिळाला. पूर्वी औरंगाबादला जाऊन येणं पोरांना परवडायचं नाही. आता देगलूरचं, अहमदपूरचं, किनवटचं कॉलेज आपली एकांकिका घेऊन उतरू लागलं.

या महोत्सवांची मुळं दिल्लीत आहेत. १९५४ साली तालकटोरा उद्यानात देशातला पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. मौलाना आझाद तेव्हा शिक्षणमंत्री होते. ती प्रथा मध्ये खंडली आणि १९८०च्या दशकात भारतीय विश्वविद्यालय संघानं तिला पुन्हा उभं केलं. त्यांचे नियम खालपर्यंत झिरपले. एकांकिका तीस मिनिटांची, रंगमंचावर नऊ जण. प्रहसन दहा मिनिटांचं, मूकअभिनय पाच मिनिटांचा, कलाकार सहा. या चौकटीनं आमच्या पोरांना शिस्त दिली. तीस मिनिटांत पाल्हाळ चालत नाही. पण तिचं नुकसानही आहे. पाच तासांचा वग ज्या मातीत रंगायचा तिथं पूर्ण लांबीचं नाटक लिहिणारा विद्यार्थी शोधावा लागतो. शिवाय स्पर्धा आली की बक्षिसाचा साचा आला. शेतकरी आत्महत्येवरची एकांकिका जिंकली की पुढच्या वर्षी निम्म्या एकांकिका फासावर संपतात. मी काही वेळा परीक्षक म्हणून बसलो आहे. दिवसभरात चार-पाच फास पाहिले की डोळ्यांतलं पाणी आटतं, आणि ज्याच्या घरात ते खरोखर घडलं त्या पोराचं नाटकही त्या गर्दीत हरवतं. हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. १९६३पासून चालत आलेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात २०२२ साली परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली होती.

लातूरची गोष्ट याहून वेगळी आहे. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयानं बारावीच्या अभ्यासाची जी कडक पद्धत बसवली तिनं हजारो गरीब घरांत डॉक्टर-इंजिनिअर दिले. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढं नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ते स्वतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. म्हणजे मूळ माणसांच्या मनात गुण आणि साहित्य यांचं वैर नव्हतं. वैर पुढं बाजारानं लावलं. शिकवणी वर्गांचे रस्तेच्या रस्ते उभे राहिले. सकाळी सहाला वर्ग, रात्री दहाला चाचणी. त्या पोरांना नाटकाला या म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि मलाही त्यांच्या आईबापांना दोष देता येत नाही. एक एकर जमीन विकून फी भरलेली असते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बापाला पोरगं शेतीत राहावं असं कसं वाटेल?

परिणाम असा की, नाटक उरलं कला शाखेच्या पोरांकडं, ज्यांना आधीच सगळे मागं पडलेले समजतात. मी त्याच शाखेचा. म्हणून ठासून सांगतो, या मागं पडलेल्या पोरांनीच मराठवाड्याचं नाव केलं. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. त्यांनी १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केलं आणि आपल्या बोलीतली बावन्न माणसं एकट्यानं जगभर फिरवली. औरंगाबादच्या पोरांनी ‘जिगिषा’ काढली. त्यातून प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रतीक्षा लोणकर आले. २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखक जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, आणि काम करणारे बरेचसे शेतकरी. गाण्यांनी भरलेलं ते नाटक मुंबईनं उचलून धरलं. जलसा, वग, पोवाडा सगळं त्यात होतं. माळेगावच्या कनातीतून निघालेली वाट तिथपर्यंत गेली.

नाव न झालेले मात्र शेकडो आहेत. माझ्या वेळचा हलगीवाला आज एसटीत कंडक्टर आहे. आईचं काम करणारी ती मुलगी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि दर वर्षी पोरांकडून नाटुकलं बसवून घेते. एक जण सरपंच झाला. तो म्हणतो, “ग्रामसभेत उभं राहून बोलायला मी नाटकात शिकलो.” या लोकांचा हिशेब करंडकांत मांडता येत नाही.

मला काळजी आहे ती कागदाची. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या नाटकाची संहिता मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाते, म्हणून तिची निदान एक प्रत कुठंतरी पोचते. युवक महोत्सवातल्या एकांकिकेचं तसं नाही. ती वहीत असते, अलीकडं कुणाच्या मोबाइलमध्ये असते. हंगाम संपला की वही रद्दीत जाते आणि मोबाइल बदलतो. १९८८ ते १९९१ या तीन वर्षांत मी नाटकांसाठी जी गाणी लिहिली त्यातलं एकही आज माझ्याजवळ नाही. चाली हलगीवाल्याला थोड्या आठवतात, शब्द मला थोडे. अशी किती गाणी, किती संवाद या चार जिल्ह्यांतून उडून गेले असतील! नामांतरावर, भूकंपावर, पाण्यावर त्या त्या वर्षी वीस वर्षांची पोरं काय बोलली, हे उद्याच्या अभ्यासकाला कुठं सापडणार?

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात एक फाइल असावी. तिच्यात त्या वर्षीच्या नाटकाची संहिता, काम करणाऱ्यांची नावं, एक फोटो, आणि गाण्यांचं मोबाइलवर केलेलं ध्वनिमुद्रण. ग्रंथपालांनी त्याला दाखल क्रमांक द्यावा, जसा पुस्तकाला देतात. दाखल क्रमांक पडलेली वस्तू सहजासहजी रद्दीत जात नाही, हे इथं आपल्या उपयोगाचं आहे. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे. त्यांनी या फाइलींची एक प्रत मागवली तर दहा वर्षांत या भागाच्या तरुण मनाचं मोठं दफ्तर तयार होईल. ज्यांच्या माळ्यावर जुन्या वह्या असतील त्यांनी येत्या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालांना एक फोन करावा. माझा तो हलगीवाला मित्र पुढच्या महिन्यात नांदेडला येतो आहे. आम्ही दोघं बसून जेवढी गाणी आठवतील तेवढी लिहून काढणार आहोत, आणि ती वही कॉलेजात नेऊन देणार आहोत.